परळभर पाणी, मूठभर ज्वारी: घराभोवतीचे पक्षी आणि प्राणी पाहण्याची रीत

ज्वारी पाखडताना सुपातून उडालेल्या कण्या अंगणात पडल्या, की काही मिनिटांतच तेथे चिमण्या आणि होले उतरतात आणि त्यांच्या मागोमाग भिंतीवरून एखादी खार डोकावते, हे मराठवाड्यातील जुन्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. सुपाखालचे ते पाखडण हेच आपल्याकडील पाखरांचे मूळ ताट होते. आता धान्य बहुतेक घरांत निवडलेलेच येते, अंगणाला फरशी असते आणि बाजारातून आणलेला दाणे ठेवण्याचा प्लास्टिकचा फीडर गॅलरीत टांगला जातो. फीडर टांगण्यात गैर काही नाही. परंतु तो टांगून मोकळे होणारे लोक पुष्कळ आणि त्यावर कोण येते, केव्हा येते व त्याच्या मागून आणखी कोण येते हे पाहणारे थोडे, असा माझा अनुभव आहे. लातूर जिल्ह्यातील एका गावाच्या कडेला असलेल्या आमच्या परसदारी गेली अनेक वर्षे जे करून पाहिले, जे चुकले आणि जे सुधारले, त्यावरून ही रीत लिहीत आहे.

आधी पाणी

आपल्या भागात सुरुवात दाण्याने न करता पाण्याने करावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, नाले आणि पाझर तलाव कोरडे पडतात आणि विहिरींचे पाणी पाखरांच्या आवाक्याबाहेर खोल जाते. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकत ते अंगातील उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात शरीरातील पाणी भराभर खर्ची पडते. उन्हाळ्यातही माळावर किडा-मुंगी, गवताचे बी, बाभळीखालचे किडे असे काही ना काही त्यांना सापडते. पाणी मात्र सापडत नाही. शिवाय दाणा न खाणारे पक्षीही पाण्यावर येतात. बुलबुल, दयाळ, चिरक, सातभाई, शिंपी, कोतवाल यांपैकी सहसा कोणी ज्वारीसाठी आपल्या दारी येत नाही, पण मे महिन्याच्या दुपारी हे सगळे एका परळावर पाळीपाळीने दिसू शकतात.

भांडे म्हणून कुंभाराकडील मातीचे पसरट परळ सर्वांत चांगले. पत्र्याचे किंवा स्टीलचे भांडे उन्हात चटका बसेल इतके तापते आणि प्लास्टिकच्या गुळगुळीत कडेवरून पक्ष्याचा पाय घसरतो. पाण्याची खोली दोन इंचांपेक्षा अधिक नसावी आणि मध्यभागी एक खडबडीत दगड असा ठेवावा, की त्याचा माथा पाण्याबाहेर राहील. चिमणी काठावरून पाणी पिते, पण आंघोळ करू पाहणाऱ्या बुलबुलाला पाय टेकण्यासाठी तो दगड लागतो. परळ दुपारीही सावलीत राहील अशा जागी, शक्यतो कडुलिंबाखाली किंवा शेवग्याखाली ठेवावे. दाट झुडूप त्यापासून सहा ते आठ फुटांवर असावे, म्हणजे घाबरलेल्या पक्ष्याला शिरण्यासाठी जागा मिळते आणि मांजराला दबा धरून थेट झडप घालता येत नाही. आमच्याकडे दोन परळे असतात. एक कमरेइतक्या उंचीच्या दगडी ओट्यावर आणि दुसरे जमिनीवर. जमिनीवरचे परळ खार, मुंगूस आणि रात्री येणारे बेडूक यांच्यासाठी आहे, आणि त्यावर जे दिसते ते वरच्या परळावर कधीच दिसत नाही.

पाणी रोज बदलावे. डासांची अंडी ते पूर्ण वाढलेला डास हा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत होतो, त्यामुळे रोज ओतून टाकलेल्या पाण्यात डास तयार होण्याची भीती उरत नाही. मात्र भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी जावीत म्हणून दर दोन-तीन दिवसांनी परळ काथ्याने घासून काढावे. साबण वापरू नये. आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण लावून, स्वच्छ धुऊन, परळ कडक उन्हात वाळवावे. टंचाईच्या दिवसांत पाखरांसाठी पाणी कोठून आणायचे, असा प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तो उन्हाळा आम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्या वर्षी आमच्या घरी तांदूळ आणि भाज्या धुतलेले, मीठ व साबण न लागलेले पाणी परळात जात असे. दिवसाला दोन तांबे पुरले, आणि त्या दोन तांब्यांवर आले तेवढे पक्षी इतर कोणत्याही उन्हाळ्यात आम्ही मोजलेले नाहीत.

चैत्र-वैशाखात परळावर मधमाश्याही येतात. त्यांना हुसकावण्याऐवजी त्यांच्यासाठी वेगळी पसरट थाळी लांब ठेवून तिच्यात खडे आणि सुतळीचे तुकडे टाकावेत, म्हणजे त्या बुडत नाहीत आणि काही दिवसांत पक्ष्यांचे परळ सोडून त्या थाळीवर रुळतात.

पाण्याविषयी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. परसातील सिमेंटचा हौद, टँकरचे पाणी साठवण्याचा निळा ड्रम किंवा जनावरांची खोल टाकी अर्धी रिकामी असली, की तहानलेली खार आणि साळुंकी तिच्यात उतरते आणि गुळगुळीत भिंतीमुळे तिला वर येता येत नाही. आमच्या हौदात एका मे महिन्यात खारीची दोन पिल्ले मेलेली सापडली. तेव्हापासून हौदात बाभळीची एक खडबडीत फांदी तिरपी टाकलेली असते. तिचे एक टोक तळाला आणि दुसरे काठाबाहेर असते. ज्यांना फांदी टाकणे शक्य नाही त्यांनी हौदावर झाकण घालावे, किंवा जाड दोर काठाला बांधून पाण्यात सोडावा. फीडर विकत घेण्याआधी हे काम करावे.

दाणा किती, कोणता आणि केव्हा

मूठभर ज्वारी किंवा बाजरी, तीही सकाळी, आणि दुपारपर्यंत संपेल एवढीच, हा हिशेब आम्ही फार उशिरा शिकलो. सुरुवातीच्या वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही परसाच्या भिंतीला लागून एक मोठी परात कायम भरून ठेवली होती. पहिल्या महिन्यात चिमण्या आल्या. दुसऱ्या महिन्यात पारव्यांचा थवा आला आणि चिमण्यांना जागा उरली नाही. रात्री उरलेल्या दाण्यावर उंदीर येऊ लागले आणि पावसाळ्याच्या तोंडाला एके सकाळी स्वयंपाकघराच्या मोरीजवळ सहा फुटांची धामण आढळली. धामण बिनविषारी असते आणि ती उंदरांच्या मागावर आली होती. तिचा दोष काहीच नव्हता. पण उंदरांच्या मागावर नागही येतो, हे लक्षात घेतले म्हणजे परसदारी ठेवलेला दाणा एकट्या चिमणीसाठी नसतो हे समजते. म्हणून संध्याकाळी जमीन झाडून घ्यावी आणि रात्री एकही दाणा बाहेर राहू देऊ नये. धान्याची कोठी आणि परसदार यांच्यामधील दाराखाली बोटभर फटही असू नये.

ज्वारी, बाजरी, राळे आणि तांदळाच्या कण्या हे सगळे चालते. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो, ही समजूत निराधार आहे. शेंगदाणे द्यायचे तर बिनमिठाचे, बारीक कुटलेले आणि अजिबात खवट किंवा बुरशी न आलेले द्यावेत, कारण शेंगदाण्यावरील बुरशीचे विष पक्ष्यांना घातक असते. शेव, फरसाण, बिस्किटे, पाव आणि मीठ घातलेले उरलेसुरले अन्न टाकू नये. वरण-भाताचा घास कावळ्याला ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे; तो ठेवावा, पण दिवसभर आंबत राहू देऊ नये. पिकलेल्या पपईची किंवा पेरूची फोड खिळ्याला अडकवली, तर बुलबुल आणि पोपट येतात, कोकिळाही येते. ती फोड दुसऱ्या दिवशी काढून टाकावी. सूर्यपक्ष्यासाठी साखरपाण्याची बाटली टांगण्याची मुळीच गरज नाही. आपल्या उन्हात साखरेचे पाणी काही तासांत आंबते, आणि जास्वंद, कर्दळ, शेवगा किंवा डाळिंब यांपैकी एक झाड परसात असेल तर तो आपसूक येतो.

टांगण्यासाठी सर्वांत उत्तम वस्तू मला विचाराल तर ज्वारीच्या कणसांची जुडी. काढणीच्या वेळी दहा-बारा कणसे देठासह बाजूला ठेवून ती सुतळीने बांधावीत आणि ओसरीच्या आढ्याला उलटी टांगावीत. दाणा पावसाने भिजत नाही, पारव्याला लोंबत्या कणसावर नीट बसता येत नाही आणि चिमण्या मात्र सराईतपणे लटकून दाणे टिपतात. मुनियांचा छोटा थवा आला तर तोही याच कणसांवर दिसेल. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. वेळ अमावस्येच्या, म्हणजे मार्गशीर्षातील अमावस्येच्या, सुमारास शेतात ज्वारी हुरड्यावर आली, की हाच शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकलतो, आणि घरी आल्यावर आढ्याला त्याच ज्वारीची कणसे त्यांच्यासाठी टांगतो. यात मला विसंगती दिसत नाही.

पावसाळ्यात दाणा जवळपास बंद करावा. ओल्या दाण्याला दोन दिवसांत बुरशी येते, आणि ओले धान्य व घाण पाणी यांतून होल्या-पारव्यांच्या घशाचे रोग पसरतात. त्या दिवसांत बाहेर गवताचे बी आणि अळ्या भरपूर असतात, त्यामुळे आपल्या दाण्यावाचून कोणाचे अडत नाही. पंख फुगवून, डोळे मिटून एकाच जागी बसलेला, जवळ गेल्यावरही न उडणारा पक्षी दिसला तर पंधरा दिवस दाणा-पाणी दोन्ही थांबवून सर्व भांडी ब्लीचने धुवावीत; गर्दी पांगली की संसर्गही थांबतो. पारव्यांची विष्ठा कोरडी झाडू नये. तिची धूळ फुप्फुसांत जाऊन गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून आधी पाणी शिंपडावे आणि नाका-तोंडाला फडके बांधावे.

एखाद्या दिवशी सगळा थवा अचानक नाहीसा होतो आणि परसात चिडीचूप शांतता पसरते. अशा वेळी वर पाहावे. छपराच्या कोपऱ्यावर किंवा कडुलिंबाच्या आतल्या फांदीवर शिक्रा बसलेला असतो; पारव्याएवढा, पाठ राखाडी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा आणि लालसर किंवा पिवळा डोळा. तो चिमणी उचलून नेतो तेव्हा वाईट वाटते, पण त्याला दगड मारण्याचे कारण नाही. आठवडाभर दाणा टाकू नये; शिकार एका जागी गोळा होत नाही असे दिसल्यावर तो पुढे सरकतो.

कोण आले ते कसे ओळखावे

रोज एकाच जागी, एकाच वेळी पंधरा मिनिटे बसावे. खिडकीच्या आतल्या अंधाऱ्या बाजूने पाहिले तर पक्षी बुजत नाहीत. दुर्बीण घ्यायचीच असेल तर आठ पट मोठे दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची पुरेशी आहे, पण परसदारापुरते पाहायचे असेल तर पहिले वर्षभर तिच्यावाचून काही अडत नाही. आधी आकार पाहावा, मग शेपटी, मग चोच आणि सर्वांत शेवटी रंग, कारण उन्हात रंग फसवतो.

सरावासाठी होल्यांपासून सुरुवात करावी. आपल्या अंगणात दोन होले हमखास असतात. लहान होला गुलाबी-तपकिरी असतो आणि त्याच्या गळ्यावर तांबूस-काळी ठिपक्यांची नक्षी असते. कंठी होला त्याहून मोठा, फिकट राखी असतो आणि त्याच्या मानेच्या मागे काळी अर्धी कडी असते. हे दोघे शेजारी-शेजारी दाणे टिपताना दिसले आणि फरक एकदा नजरेत बसला, की ओळखण्याची सवय लागते. चिमण्यांत नराच्या गळ्यावर काळा डाग असतो, मादीला तो नसतो. दयाळ आणि चिरक यांत गोंधळ होतो. दयाळाच्या काळ्या पंखावर पांढरा पट्टा ठळक असतो, तर चिरक लहान असून त्याची शेपटी सतत उभी असते आणि तिच्याखाली विटकरी रंग असतो. भांगपाडी मैना साळुंकीपेक्षा सडपातळ असते आणि तिच्या डोक्यावर काळे केस मागे चापून बसवल्यासारखे दिसतात.

सातभाईंना मात्र रंगाने न ओळखता वागण्याने ओळखावे. आमच्या परळावर ते दुपारी साडेबाराच्या सुमारास येतात. आधी एक जण शेवग्याच्या उंच फांदीवर बसतो आणि मान वळवून चारही बाजू पाहतो. मग बाकीचे एकामागून एक उड्या मारत, पालापाचोळा उलटत, आपसांत कुरबुर करत ओट्यापर्यंत पोहोचतात. दोघे काठावर बसतात, तिसरा दगडावर चढतो, चौथा रांगेत घुसतो म्हणून पाचवा त्याच्यावर ओरडतो, आणि पाणी पिऊन झालेला शेजाऱ्याच्या मानेतील पिसे चोचीने विंचरत बसतो. सगळ्यांचे झाल्यावर फांदीवरचा पहारेकरी खाली येतो आणि तोपर्यंत दुसरा कोणीतरी त्याच्या जागी वर गेलेला असतो. नावात सात असले तरी थव्यात कधी सहा तर कधी दहा असतात; आम्ही एकदा बारा मोजले आहेत. पावसाच्या सुरुवातीला काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक दिसू लागला, की या थव्यावर विशेष लक्ष ठेवावे, कारण चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. श्रावणाच्या सुमारास एखादा सातभाई आपल्यासारख्या न दिसणाऱ्या पिल्लाच्या तोंडात अळी घालताना आढळला, तर ते पिल्लू चातकाचे असण्याची शक्यता मोठी.

ऋतूंप्रमाणे पाहुणे बदलतात. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास शेपटी सतत थरथरवणारा थिरथिरा परसातील भिंतीवर येतो आणि ओल्या जागी शेपटी वर-खाली हलवत चालणारा धोबी गच्चीवर दिसतो. दोघेही हिवाळ्याचे पाहुणे आहेत. ज्वारीच्या हंगामात भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे गावावरून जातात आणि फाल्गुनात पळस फुलला की त्याच्या फुलांवर गोंधळ घालतात. चैत्रापासून कोकिळ ओरडू लागतो आणि मृगाच्या आसपास पावशा ‘पेरते व्हा’ सांगतो. कानाला हे कळू लागले की कॅलेंडर न पाहताही महिना सांगता येतो.

घरटे, पिल्लू आणि आरसा

मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत तुळयांच्या खाचा, कोनाडे आणि दगडी भिंतीतील फटी चिमणीच्या कामी येत असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगड-मातीची असंख्य घरे गेली आणि त्यांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली. माणसासाठी ते आवश्यकच होते, पण सपाट भिंतीत चिमणीला शिरायला भोक उरले नाही. म्हणून लाकडी घरटे लावणे उपयोगी ठरते. आतून साधारण पाच इंच लांब-रुंद आणि सात-आठ इंच उंच पेटी करावी आणि दाराचे भोक सव्वा इंचाचे ठेवावे. त्यापेक्षा मोठे ठेवले तर साळुंकी ताबा घेते. भोकाबाहेर बसण्याची काडी लावू नये, कारण तिचा उपयोग शत्रूलाच अधिक होतो. तळाला दोन बारीक छिद्रे, पाठीमागे दोन भक्कम खिळे, आठ ते दहा फुटांची उंची आणि पूर्व किंवा उत्तर बाजू एवढे सांभाळावे. पश्चिमेकडील भिंतीवर लावलेल्या पेटीत मे महिन्यात पिल्ले भाजतात. घरात चिमणी शिरत असेल तर छताचा पंखा बंद ठेवावा. चिमणीची अंडी साधारण बारा-चौदा दिवसांत फुटतात आणि पुढे दोनेक आठवड्यांत पिल्ले उडतात. त्या काळात पेटी उघडून पाहण्याचा मोह टाळावा. पिल्लांना दाणा नको, अळ्या हव्या असतात, म्हणून परसातील झाडांवर कीटकनाशक मारू नये.

सूर्यपक्षी पेटी वापरत नाही. कोळ्याचे जाळे, सालपटे आणि कचरा विणून केलेले त्याचे लोंबते घरटे कपड्यांच्या दोरीवर किंवा ओसरीतील दिव्याच्या वायरवर आढळते, आणि पहिल्या नजरेला तो कचऱ्याचा पुंजकाच वाटतो. झाडलोट करताना अशी घरटी अनेकदा ओढून टाकली जातात. वायरला लोंबणाऱ्या पुंजक्याला वरच्या बाजूला छपरीसारखी कड आणि तिच्याखाली दार दिसले, तर दिवाळीची साफसफाई तेवढ्या कोपऱ्यापुरती पुढे ढकलावी.

जमिनीवर पडलेले पिल्लू दिसले तर आधी पाहावे की त्याला पिसे आली आहेत की नाही. पिसे आलेले, उड्या मारणारे पिल्लू हरवलेले नसते. ते उडायला शिकत असते आणि आई-बाप जवळच असतात. त्याला जवळच्या फांदीवर ठेवून मांजर व मुले दूर ठेवावीत. उघडे, डोळे न उघडलेले पिल्लू घरटे सापडल्यास परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागल्याने आई पिल्लू टाकते, हे खरे नाही. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडू नये, ते श्वासनलिकेत जाते. आणि बरे झाल्यावर ठेवून घ्यावे असे मनात आले तरी तसे करू नये. पोपट, मैना, बुलबुल यांसारखे देशी पक्षी पकडणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे.

मोटारसायकलच्या आरशावर चोची मारणारा दयाळ किंवा बुलबुल हा तक्रारीचा नेहमीचा विषय आहे. त्याला आरशात प्रतिस्पर्धी दिसतो. आरशावर जुना पायमोजा चढवला की भांडण मिटते.

सरपटणारे शेजारी

ज्याच्या परसात पाणी, दाणा आणि झाडी आहे त्याच्या परसात कधी ना कधी साप दिसणार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप मराठवाड्यात आहेत, आणि त्यांची जागा बहुधा आपणच तयार करून दिलेली असते: कडब्याची गंजी, सरपणाचा ढीग, विटांची चळत आणि त्यांतील उंदीर. सरपण जमिनीपासून हातभर उंच फळीवर रचावे, कडबा घराच्या भिंतीला लावू नये आणि संध्याकाळी परसात जाताना बॅटरी न्यावी. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही, म्हणून उन्हाळ्यात जमिनीवर झोपणे टाळावे; खाटेवर मच्छरदाणी नीट खोचून झोपावे.

साप आहे हे आपल्या आधी पक्ष्यांना कळते. एका दुपारी सातभाई सरपणाभोवती गोल करून कर्कश ओरडू लागले, कोतवाल त्यांच्यावरून झेपा टाकू लागला आणि खार शेपटी झटकत एकाच सुरात चिरकत राहिली. पाच मिनिटे दुरून पाहिल्यावर लाकडांच्या फटीतून नागाचे डोके बाहेर आले. मांजरासाठीही ते ओरडतात, पण मांजर हलते तसा ओरडा हलतो. एकाच ठिकाणी टिकून राहिलेला ओरडा सापासाठी असतो, असे आमच्या पाहण्यात आले आहे. साप दिसल्यास दहा-बारा फुटांवरून त्याच्यावर नजर ठेवावी, मुले आणि कुत्रा आत घ्यावा आणि अनुभवी सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झाल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव हलू न देता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने सरकारी रुग्णालय गाठावे.

मांडूळ, म्हणजे दुतोंड्या, निरुपद्रवी असून जमिनीतील उंदीर खातो. गुप्तधनाच्या आणि लाखो रुपयांच्या भावाच्या अफवांमुळे त्याचा चोरटा व्यापार होतो, म्हणून तो सापडल्याची गावात वाच्यता करू नये. तो तसाच जाऊ द्यावा. पिंगळ्याविषयीही अपशकुनाची समजूत आहे. दिवेलागणीला विजेच्या तारेवर बसून मान खाली-वर करणारा हा मुठीएवढा पक्षी रात्रभर किडे आणि उंदीर टिपतो, आणि ज्या घरी उंदरांसाठी विष ठेवतात तेथे विष खाल्लेला उंदीर खाऊन तोच मरतो. विषाऐवजी पिंजरा लावावा.

वही

शाळकरी वही पुरते. तारीख, वेळ, ऊन की ढग, कोणता पक्षी, किती आणि काय करत होता, एवढ्या गोष्टी प्रत्येक नोंदीत असाव्यात. ओळख पटली नसेल तर नाव लिहू नये, वर्णन लिहावे. वर्षभरानंतर या नोंदींतून आपल्याच परसाचे वेळापत्रक हाती येते, आणि थिरथिरा गेल्या वर्षी कोणत्या आठवड्यात आला होता याचा वाद घरात होत नाही. मोबाईल वापरणाऱ्यांसाठी ई-बर्ड हे ॲप आहे. त्यावर टाकलेल्या याद्या अभ्यासकांच्याही उपयोगी पडतात. आवाजावरून ओळखण्यासाठी मर्लिन हे ॲप मदत करते, मात्र त्याने सांगितलेले नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसदारातील पक्ष्यांची गणना होते आणि २०१३ पासून भारतातील लोकही तिच्यात भाग घेतात. निदान पंधरा मिनिटे बसून दिसलेले सर्व पक्षी मोजणे एवढीच तिची अट आहे. मराठवाड्यातील खेड्यांमधून अशा याद्या अजून थोड्याच जातात, त्यामुळे आपल्या गावाच्या एका यादीलाही मोल आहे.

काहीच न दिसलेल्या दिवशीही तारीख आणि वेळ टाकून ‘काही नाही’ असे लिहावे. आमच्या वहीत मागील सप्टेंबरातील अशा सलग चार नोंदी आहेत, आणि पाचव्या दिवशीची नोंद शेजाऱ्यांच्या छपराच्या कोपऱ्यावर बसलेल्या शिक्र्याची आहे.